मंगळवारचं डोकं

...नाही हो, टोचत नाहीये, असं मी तिसऱ्यांदा सांगितलं, तरी त्या पोस्टातल्या ताई म्हणतात कशा, "आजोबा, नीट आठवून सांगा." आता यात आठवायचं काय? टोपी माझ्या डोक्यावर, डोकं माझ्या मानेवर, टोचत असेल तर आत्ता टोचेल ना, की मागच्या आठवड्यात टोचलं होतं का ते आठवू? पण नाही! ताईंनी टोपी काढली, उलटी केली, परत घातली, माझ्या कानामागून बोट फिरवलं आणि खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला ओरडून सांगितलं, "डोकं नाही म्हणतंय गं!" डोकं नाही म्हणतंय! म्हणजे मी नाही म्हणत नाही, डोकं म्हणतंय! तुम्हाला सांगतो, बहात्तर वर्षं हे डोकं मी सांभाळलं, कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही, आणि आता बघा. अहो, मी तिथे टोपी विणायला गेलो होतो, डोकं द्यायला नव्हतो गेलो!

थांबा, मी हळू माणूस आहे, मला घाई जमत नाही, पहिल्यापासून सांगतो. माझा धंदा खुर्च्या विणायचा. वेताच्या खुर्च्या. खुर्चीची चौकट लाकडाची असते, ती करायचा सुतार, आणि बसायची जाळी असते ती वेताची, ती विणायचो मी. सुताराचं दुकान आणि माझं दुकान यांच्यात एकच भिंत. पस्तीस वर्षं त्याने चौकट करायची, भिंतीवर दोनदा ठोकायचं, मी जाऊन खुर्ची आणायची. अक्षर मला ओळखीचं नाही, शाळेची पायरी चढलो नाही, पण वेत हातात दिलात तर डोळे मिटून सहा पदरी जाळी घालीन.

आणि या सुताराचे केस! काय सांगू तुम्हाला! काळेभोर, दाट, नुसतं रान. लोक पेन्सिल कानावर ठेवतात, हा केसांत खोचायचा, आणि मग दिवसभर शोधायचा. मागच्या खिशात कंगवा. माझं मात्र पंचविसाव्या वर्षीच मैदान झालेलं. तर हा मला काय म्हणायचा? "आरसा"! भर रस्त्यात हाक मारायचा, "ए आरशा, जरा मान खाली कर, भांग पाडायचाय." आणि खरंच माझ्या टाळूत बघून भांग पाडायचा हो! मी पण मान खाली करायचो. आपलं काय जातंय?

मग एक दिवस काय झालं, एका कचेरीतले मोठे साहेब आमच्या खुर्चीवर बसले आणि खुर्चीतून खाली गेले. म्हणजे खुर्ची वर आणि साहेब जमिनीवर, पाय तेवढे बाहेर. चार माणसं लागली काढायला. दोघांनाही बोलावणं आलं. सुतार त्या अख्ख्या कचेरीसमोर जाळीला बोट लावून म्हणाला, "विणकाम ढिलं." ढिलं! मला! मी म्हटलं, "चौकट सुटलीय तुझी." तो म्हणाला, "ढिलं." मी म्हटलं, "चौकट." साहेब कंबर धरून मध्ये उभे, त्यांच्याकडे कुणी बघेना.

त्या दिवसापासून सहा वर्षं बोलणं बंद. काम बंद नाही हां, बोलणं बंद. तो चौकट माझ्या दारात ठेवून जायचा, मी जाळी घालून त्याच्या दारात ठेवायचो. भिंतीवर ठोकणं गेलं. आणि मी काय करायचो, ढिलं म्हणाला ना, मग प्रत्येक पदर असा खेचायचो, असा खेचायचो, की जाळीवर टिचकी मारली तर तबल्यासारखी वाजली पाहिजे. सहा वर्षं तसंच विणलं. लोक म्हणायचे, आजोबा, खुर्ची छान आहे पण बसलं की उडायला होतं.

मग या वर्षी चौकटी यायच्या थांबल्या. आठ दिवस नाही, पंधरा दिवस नाही. त्याची सून औषधाच्या दुकानात आमच्या हिला भेटली, तिने सांगितलं, मामंजी हॉस्पिटलात आहेत, मोठं दुखणं आहे, औषधं फार कडक आहेत, आणि... केस सगळे गेले. रडली बिचारी. म्हणाली, दुखण्याचं ते काही बोलत नाहीत, पण भिंतीकडे तोंड करून पडून असतात, डॉक्टर आले तरी वळत नाहीत, कुणी बघू नये म्हणून.

ही मला म्हणाली, "अहो, भेटून या." आता कसा जाऊ? त्या माणसाला त्याचे केस गेल्याचं दुःख, आणि समोर कोण उभं, तर आरसा! बरं, सहा वर्षांनी जाऊन बोलायचं काय? चौकट? ढिलं? नाही जमलं मला. तीनदा चपला घातल्या, तीनदा काढल्या.

तर आमची ही दर मंगळवारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत जाते. तिथे दहा-बारा बायका जमतात आणि लोकरीच्या टोप्या विणतात, त्याच हॉस्पिटलात द्यायला, औषधांनी ज्यांचे केस जातात त्यांच्यासाठी. फुकट, आपल्या हौसेने. माझ्या मनात आलं, मी नाही जाऊ शकत, पण टोपी जाऊ शकते की! त्याच्या डोक्यावर माझ्या हातची एक टोपी गेली की झालं. नाव सांगायची गरज नाही. म्हणून मी हिच्याबरोबर गेलो.

आणि गेलो तो दिवस कोणता? नेमकं त्याच दिवशी हॉस्पिटलातून टोप्यांचं अख्खं पोतं परत आलेलं! सिस्टरनी निरोप पाठवलेला, टोप्या सुंदर आहेत पण नाकापर्यंत येतात, पेशंटना जेवताना घास दिसत नाही. का? तर या बायका टोप्या मापायच्या स्वतःच्या डोक्यावर! त्यावर हे एवढाले अंबाडे! केसांच्या ढिगावर बसलेली टोपी रिकाम्या डोक्यावर कशी बसणार? आणि आतून टोचते का, गाठ लागते का, हे केसांना काय कळणार? दहा-बारा जणी डोक्याला हात लावून बसलेल्या, आणि मी दारात उभा राहून म्हटलं, "मला जरा शिकवाल का?"

कुणी ऐकलंच नाही. सगळ्या बघतायत. माझ्याकडे नाही, वर. खिडकीतलं ऊन पडलेलं माझ्या टाळूवर. त्यांच्या पुढारी म्हणजे एक बाई, शाळेतून निवृत्त झालेल्या, हातात फूटपट्टी, त्या हळूहळू उठल्या, माझ्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाल्या, "डावीकडे थोडं बसकं आहे. पण चालेल."

बसकं आहे, कबूल आहे, लहानपणी एकाच कुशीवर निजायचो. पण चालेल म्हणजे काय? मी काय भोपळा आहे?

खुर्चीत बसवलं मला. मधोमध. आणि रांग लागली! एक घालतेय, एक काढतेय, एक म्हणते, "डोकं वर करा," एक म्हणते, "डोकं हलवू नका," एक मागून टाचणी लावतेय. मी म्हणतोय, "अहो, मला ती सुई..." तर कुणाचं लक्ष? "आजोबा, टोचतंय का?" नाही. "आता?" नाही. "आणि आता?" आता टोचतंय. "बघा, मी म्हटलं नव्हतं, शेवटची गाठ बाहेरून घ्या!" तुम्हाला सांगतो, दीड तासात तेवीस टोप्या. घरी आलो तर आरशात मीच मला ओळखू येईना, डोक्यावर तेवीस जाळ्या उमटलेल्या. मी हिला म्हटलं, "अगं, मी टोपी विणायला आलो होतो, डोकं द्यायला नाही!" ही म्हणाली, "अहो, एवढ्या वर्षांत तुमच्या डोक्याचा पहिल्यांदाच काही उपयोग झाला, तर कुरकुर कशाला?" चाळीस वर्षांचा संसार हो!

पण मी सोडलं नाही. पुढच्या मंगळवारी लवकर गेलो, बाईंच्या समोर बसलो आणि क्रोशाची सुई मागितली. शिकवलं त्यांनी, चांगल्या आहेत स्वभावाने. साखळीचा टाका असा, खांबाचा असा. वाचायचं काही नव्हतं, हात पाहायचा आणि हात करायचा, ते मला येतं. आठ दिवसांत टोपी तयार! बाईंकडे नेली. बाईंनी टेबलावर ठेवली. उभी राहिली हो टोपी! आपल्या पायावर! बाईंनी वरून दाबली. दबेना. ताईंनी दाबली. दबेना. दोघींनी मिळून दाबली. शेवटी बाई म्हणाल्या, "आजोबा, यावर माणूस बसेल." मी म्हटलं, "बसेल की!" मला वाटलं कौतुक चाललंय.

नापास! बाईंकडे वही असते, त्यात पास-नापास लिहितात. शाळेत गेलो नाही म्हणून आयुष्यात नापास व्हायचा राहिलो होतो, तीही हौस फिटली. बाई म्हणाल्या, "आजोबा, आजारी माणसाचं डोकं आहे ते. हात सैल सोडा. ढिलं विणा, ढिलं!"

झालं! आता तुम्हीच सांगा, सगळ्या जगात शब्द संपले होते का? ढिलं! त्या एका शब्दापायी सहा वर्षं मी हात आवळून बसलोय, आणि ही माउली मला सांगते, ढिलं विणा! मी म्हटलं, "बाई, दुसरं काहीही सांगा." बाई म्हणाल्या, "दुसरं काही नाही." प्रयत्न केला हो. सुई जाड घेतली. मनातल्या मनात म्हटलं, सोड, सोड. बोटं ऐकतील तर शपथ! दुसरी टोपी झाली, ती अजून कडक. तिसरी तर हातातून पडली आणि टण्ण आवाज आला. लोकरीचा आवाज! पहिलीवर आता चहाची किटली ठेवतात, दुसरी दाराला अडसर म्हणून लावलीय, वाऱ्याने दार आपटत नाही, आणि तिसरीत बाईंनी कुंडी ठेवलीय, फुलं आलीत. तीन टोप्या, तिन्ही कामाला लागल्या, फक्त डोक्यावर एकही नाही.

आणि माझ्या डोक्यावर दुसऱ्यांच्या! मंगळवारी मी जिना चढायला लागलो की वरून आवाज, "डोकं आलं!" हजेरीच्या कागदावर सगळ्यांची नावं, माझ्यासमोर म्हणे एक गोल काढलेला. एकदा सर्दी झाली, गेलो नाही, तर तिघी घरी आल्या, बारा टोप्या घेऊन! मी पांघरुणात शिंकतोय, ही दार उघडून म्हणते, "या, या, जागंच आहे ते." ते!

इकडे सुताराची सून सांगायची, अजून भिंतीकडेच तोंड आहे. जेवण भिंतीकडे, औषध भिंतीकडे. आणि पुढचं पोतं जायला उरले दोन मंगळवार. मला झोप लागेना. त्या पोत्यात माझी नसली तर मग माझं जाणं नाही, बोलणं नाही, आणि दुखणं तसलं... माणूस वाट बघत बसतो का आपली?

तर शेवटच्या मंगळवारी झालं काय, पोतं भरायचं म्हणून गर्दी उडालेली. पोस्टातल्या ताईंची एक टोपी मोठी झाली, थेट माझ्या डोळ्यांवर येऊन हनुवटीला टेकली. ताई म्हणाल्या, "काढू नका हं, मी टाके मोजतेय." मोजता मोजता विसरल्या, परत पहिल्यापासून. मी अंधारात. हात रिकामे. मांडीवर माझी लोकर होती, वेताच्या रंगाची, मुद्दाम घेतलेली, आणि सुई. म्हटलं, बसून काय करू? सुरुवात केली. दिसत तर काही नाही. बाहेरून आवाज, "आजोबा, इथे लागतंय का, तिथे लागतंय का," मी हो-नाही करतोय, आणि बोटं खाली आपली चाललीत, साखळी, खांब, खांब. किती घट्ट, किती सैल, बघणार कोण? ताईंची टोपी निघाली, दुसरीची चढली, तीही मोठी. मी बाहेर बघितलंच नाही. दीड तासाने उजेड दिसला, तेव्हा मांडीवर एक टोपी. हातात घेतली तर हात बुडाला हो तिच्यात! मांजराच्या पोटासारखी मऊ!

बाईंनी ओढून बघितली, सोडली, ओढली. चष्मा पुसला. "कुणी विणली?" मी म्हटलं, "डोक्याने." पास! वहीत लिहिलं. मी पोत्यात ठेवली, सगळ्यात वर. काढून परत एकदा बघितली. परत ठेवली.

बाई म्हणाल्या, "आजोबा, तुम्हीही चला हॉस्पिटलात, एखादी बसेना तर माप जागेवरच बघता येईल." मी नको म्हणणार होतो, पण चपला आपोआप पायात गेल्या.

लांबच लांब खोली, दोन्हीकडे सहा-सहा खाटा. खिडकीजवळची शेवटची त्याची. भिंतीकडे तोंड. मागून मी त्याचं डोकं पाहिलं. इतक्या वर्षांत त्या डोक्यावर एवढी जागा आहे हे मला माहीतच नव्हतं. गोरंपान, लहान मुलासारखं. मी बाईंच्या मागे लपलो. बाई ठेंगण्या, मी उंच, किती लपणार?

सिस्टर पोतं घेऊन एकेका खाटेशी. "घ्या, आवडेल ती." माझी टोपी वरच होती, पण जो तो खाली हात घालून ढवळायला लागला! लाल, निळी, पट्ट्यांची... सुताराच्या खाटेशी पोतं गेलं. त्याने वळून न बघता हात मागे केला, आत घातला आणि ओढली. कोणती? आमच्या हिची! पोपटी! वर हा एवढा गोंडा! तशीच न बघता डोक्यावर चढवली. आणि माझी? माझी गेली शेजारच्या खाटेवरच्या बस कंडक्टरला. तो म्हणतोय, "वा, काय मऊ आहे हो!" मी काय म्हणणार? काढा म्हणू? आजारी माणूस, खूश झालेला. एवढं सगळं करून माझी टोपी दोन हातांवरून गेली.

तेवढ्यात कंडक्टर सुताराला म्हणाला, "अहो मिस्त्री, इकडे बघा तरी, आम्ही कसे दिसतो!" आणि सुतार वळला. पहिल्यांदाच. कंडक्टरकडे बघितलं. समोरच्याकडे बघितलं. मग त्याने एक डोळा मिटला, फळी सरळ आहे का ते बघतात ना, तसा, आणि अख्ख्या रांगेवरून नजर फिरवली. म्हणाला, "सिस्टर, या सगळ्यांची डोकी डावीकडे बसकी कशी?"

सिस्टर म्हणाल्या, "टोप्या तशा आहेत."

"ते कळलं. पण हे एकाच माणसाचं डोकं आहे. पस्तीस वर्षं पाहिलंय मी ते." आणि खाटेवर उठून बसला, गोंडा हलतोय, आणि बाईंच्या वरून थेट माझ्याकडे बघून ओरडला, "आरशा!"

मी आपलं म्हटलं, "ओ."

"अरे, सहा वर्षं तुझं तोंड बघितलं नाही, इथे भिंतीकडे तोंड करून पडलो, आणि आता जिकडे बघावं तिकडे तुझंच टाळकं? बारा खाटांवर?"

सगळी खोली माझ्या डोक्याकडे बघायला लागली, मग एकमेकांच्या. मी म्हटलं, "मी... मी टोपी विणायला गेलो होतो रे. डोकं द्यायला नाही."

"मग विणलेली कुठाय?"

मी कंडक्टरकडे बोट दाखवलं. सुताराने हात पुढे केला, कंडक्टरने टोपी दिली. त्याने उलटी केली. आतली शेवटची गाठ शोधली, मी वेताला मारतो तशीच मारलेली, दुहेरी, टोक आत खुपसलेलं. अंगठा फिरवला तिच्यावर. मग दोन्ही हातांनी टोपी ताणली. म्हटलं, आता येतोय तो शब्द. ताणली, सोडली. ताणली, सोडली. आणि पोपटी काढून कंडक्टरला दिली आणि माझी घातली. कानापर्यंत ओढली. बसली हो! बसणारच, त्याचं डोकं माझ्याच मापाचं निघालं.

मग खिडकीकडे बघत म्हणाला, "त्या साहेबाच्या खुर्चीचा... मागचा सांधा जरा सुटलेला होता."

मी म्हटलं, "वीण पण थोडी ढिली होती."

नव्हती हो! आजही शपथेवर सांगतो, नव्हती! पण आलं तोंडातून. तो इतका खूश झाला, की सिस्टरना म्हणाला, "जेवण आणा, बसून जेवतो."

तर असं सगळं गोड झालं, दोन महिन्यांनी तो घरी आला, भिंतीवर परत दोनदा ठोकलं. मी गेलो. म्हणाला, "त्या बायकांच्या तावडीतून तुला सोडवतो." आणि लाकडाचं डोकं केलं, माझं! माप घेतलं नाही, नुसतं आठवून. तेच बसकं डावीकडे, कानामागचा तीळसुद्धा, वर आणखी नाक-तोंडही. पॉलिश असं, की त्यातही भांग पाडता येईल. बायका हरखल्या! मला वाटलं, सुटलो. पण बाई म्हणाल्या, "आजोबा, लाकडाला टोचत नाही ना." म्हणजे आता मापाला तो लाकडाचा आणि टोचायला मी! दोन खुर्च्या शेजारी-शेजारी. त्याला उशी दिलीय, नीट बसावं म्हणून, आणि गळ्याभोवती शाल गुंडाळलीय, खांद्यांसारखी दिसायला. मला नुसती खुर्ची.

परवा एक नवीन बाई आली, चष्मा जाड, घाबरलेली. सरळ त्याच्याकडे गेली, "आजोबा, बघू का जरा?" म्हणून त्याला टोपी घातली, काढली, परत घातली, चांगली पाऊण तास. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "तुमचे भाऊ किती समंजस आहेत हो! कधीचे बसलेत, तोंडातून अक्षर नाही."

मी त्याची घसरलेली शाल नीट केली.

म्हटलं, "हो. तो थोरला."